हॉलचा दिवा

मंगळवारी रात्री त्याच्या कडेचं निळं कडं
बराच वेळ फिरत होतं.
म्हटलं फिरू दे, आपल्याला काय.
सकाळी नव्या आवाजात म्हणालं,
मी आता पूर्वीपेक्षा हुशार झाले आहे.
बरं झालं बाई, म्हटलं. हॉलचा दिवा लाव.
तर म्हणे, हल शहरात आज अकरा अंश,
दुपारनंतर समुद्राकडून वारा.

हल इथून साठ-पासष्ट मैल.
मी हडर्सफील्डमध्ये, चपलांच्या स्टँडजवळ,
अंधारात उभी.

तीन वर्षं शिकवलं होतं त्याला.
त्यांच्याकडे व दोन असतात,
एक ओठांचा, एक दातांचा,
आमच्याकडे दोघं एकाच खोलीत राहतात,
हे त्याने हळूहळू समजून घेतलं होतं.
एका रात्रीत सगळं पुसलं.
आता बाहेर वेट आहे का विचारलं
की जनावरांचे डॉक्टर सातपर्यंत भेटतील म्हणतं.
डाळीला बारा मिनिटं लाव म्हटलं
तर बाहुल्या, बारा पौंडांपासून पुढे.
डाळ तळाला लागली.
कुकर अजून भिजत पडलाय.

निहार ब्रिस्टलहून म्हणाला,
आई, सावकाश बोल ना. स्पष्ट बोल.
मी गप्प राहिले.
त्याला बोलायला कुणी शिकवलं, हे काय काढायचं आता.

सव्वीस वर्षं मी इन्फर्मरीच्या स्विचबोर्डवर बसले.
तळघरातली खोली, खिडकी नाही,
कानाला काळा हेडफोन, चहा नेहमी गार.
बार्न्सलीचा खाणकामगार
निम्मे शब्द गिळून निम्मे द्यायचा.
मीरपूरची एक बाई नुसतं मुलाचं नाव घेऊन रडायची.
मिसेस पिनॉक देवाचे आभार मानून झाल्याशिवाय
वॉर्ड सांगायच्या नाहीत.
आणि एकदा, पहाटे तीनला,
एक माणूस काही बोललाच नाही.
श्वास तेवढा.
त्यालाही जोडून दिलं मी, सतरा नंबरला.
बरोबर निघालं.
पार्डन हा शब्द पहिल्या वर्षी
मी रोज चाळीस वेळा ऐकला.
स्वतः म्हटला असेन
सव्वीस वर्षांत पाच-सहा वेळा.

भिंतीवर बटण आहे की, निहार म्हणतो.
आहे.
उजवा खांदा वर जात नाही
हे त्याला सांगितलेलं नाही.

गुरुवारी चारलाच काळोख झाला.
हॉल, म्हटलं. हॉऽऽल.
ओठांचा चंबू करून म्हटलं,
घसा खाकरून म्हटलं,
इथल्या राणीसारखंही म्हणून पाहिलं.
हलमध्ये दहा अंश.
हलमध्ये हलकं धुकं.
तेव्हा माझ्या तोंडून जे निघालं
ते थेट मिरजेच्या नळावरचं होतं:
मेल्या, डबड्या, तुझ्या हुशारीला लागली आग!

क्षणभर शांत.
मग म्हणालं, अमेलियाला फोन लावते.

अमेलिया म्हणजे होमफर्थची पोरगी,
महिन्यातून एकदा माझी पायाची नखं कापायला येते.
तिने उचलला. मागे वायपरचा आवाज.
काय झालं, लव्ह?
मी सांगायला लागले, हॉल, दिवा, हल, धुकं,
जीभ अडखळली, मराठी मध्येच घुसलं,
आणि ती म्हणाली,
हॉलमध्ये अंधार आहे होय? आलेच.

पहिल्याच खेपेला.

ओल्या बुटांनी आत आली, बटण दाबलं,
माझ्याकडे बघून म्हणाली, हा हात कधीपासून असा?
ओट्यावरून ते म्हणालं,
हलमध्ये पाऊस सुरू झाला आहे.
अमेलिया हसत खाली बसली, बुटासकट, पायपुसण्यावर.

जाताना म्हणाली, वायर काढून ठेवू का याची?
राहू दे, म्हटलं.
ऐकलं चुकीचं,
पण लाइन जोडून दिली.